टोकन नंबर एकशे अठरा

जेसीबीने पुन्हा केबल तोडली.
सरदार चौकापासून गोदेपर्यंत काळोख,
आणि उद्या अकराला खगोलशास्त्राचा पेपर.

तबस्सुम म्हणाली, चल गच्चीवर,
सिलॅबस तिथंच आहे सगळा.

पाण्याच्या टाकीला टेकून बसलो.
टाकी अजून दिवसभराची तापलेली.
खाली गल्लीत उकरलेल्या रस्त्याचे ढीग,
पलीकडे घाटावर फोकस लावून काम चाललेलं,
त्यांचा जनरेटर आहे, त्यांची वीज जात नाही.
एका ग्रहासाठी अख्खं शहर खणून ठेवलंय
आणि तो ग्रह बघ, पश्चिमेला,
पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांशेजारी निवांत.
सिंहेत पोचायला त्याला अजून अवकाश आहे.
डोक्यावर मघा, सिंह रिकामा.

ॲबसोल्यूट मॅग्निट्यूड? तिने विचारलं.
तारा दहा पार्सेकवर आणून ठेवला
तर किती तेजस्वी दिसेल, ते.
म्हणजे आधी सगळ्यांना सारख्या अंतरावर बसवायचं,
मग ठरवायचं कोण किती उजळ.
बरं आहे ताऱ्यांचं, ती म्हणाली.
वडाळा नाक्यावरून कॉलेजला दोन रिक्षा लागतात,
ते कुठल्या फॉर्म्युल्यात धरतात?

अण्णा बॅटरी घेऊन वर आले, दुसऱ्या हातात चहा.
त्यांच्या उजेडात मी केप्लरचा तिसरा नियम सोडवला.
गुरूचं अंतर पाच पूर्णांक दोन,
त्याचा घन एकशे चाळीस पूर्णांक सहा,
वर्गमूळ
(मोबाइल मेलेला, तबस्सुम बोटांवर मोजतेय)
अकरा पूर्णांक शहाऐंशी.
बारा नाही, अण्णा. एक्कावन्न दिवस कमी.
अण्णांनी बशी फुंकली.
मंडप घालायला तेवढे दिवस लागतातच, म्हणाले.

रामकुंडाजवळ अण्णांचं सामानघर.
पिशव्या ठेवायच्या, पत्र्याचं टोकन द्यायचं.
मागच्या सिंहस्थात मी दहा वर्षांची,
खडूने पिशव्यांवर नंबर घालत होते.
एकशे अठरा हा माझ्याच हातचा,
आठाचं पोट फुटलेलं.
निळी रेक्झिनची बॅग, चेनला काळा दोरा.
कुणी न्यायला आलंच नाही.
पोलीस म्हणाले, महिनाभर ठेवा.
अण्णांनी ती माळ्यावर ठेवली ती ठेवलीच,
दर दिवाळीला पुसतात, उघडत नाहीत.
गुरू सिंहेत आला की येईल तो, म्हणतात,
जसा काही माणूस गुरूच्या मागच्या डब्यात बसलाय.

हमखास येणारा प्रश्न: धूमकेतूंच्या कक्षा.
उत्केंद्रता एकाहून कमी, तर लंबवर्तुळ,
शंभर वर्षांनी का होईना, परत येतो.
एक किंवा एकाहून जास्त, तर
एकदाच येतो, सूर्याला वळसा घालतो
आणि संपलं.
गोची अशी की सूर्याजवळ असताना
दोघांच्या वाटा जवळजवळ सारख्याच दिसतात.
खूप निरीक्षणं लागतात, वेगवेगळ्या रात्रींची.

आमच्याकडे निरीक्षण एकच:
खांद्यावर पंचा, पायांत काही नाही,
कितने बजे तक, असं विचारलं त्याने.
अण्णा म्हणाले, रात दस.
मान हलवून तो पायऱ्या उतरला,
गर्दीत डोकी, डोक्यांत डोकं.

मग काय येतं तुझ्या गणितात? अण्णांनी विचारलं.
सांगता येत नाही, म्हटलं. माहिती अपुरी.
असं उत्तर पेपरात चालतं?
चालतं, पण कारण द्यावं लागतं.
अण्णा रिकामे कप गोळा करून निघाले,
जिन्यात थांबले असावेत, आवाज अर्ध्यातून आला:
मग कारण लिही,
टोकन अजून त्याच्याकडंच आहे.

तेवढ्यात लाइट आली.
समोरच्या लॉजची पाटी भकभकली,
मघा गेली, पुनर्वसू गेले, गुरू तेवढा राहिला.
तबस्सुमने पान उलटलं.
श्वेत बटू, म्हणाली, सहा मार्क.